हळू जा रे मेल्यांनो

चार मैल. ताशी चार मैलांची मर्यादा आहे इंग्लंडच्या कॅनॉलवर, जिथे आम्ही बोटीतच राहतो, आणि तीही मोकळ्या पाण्यात. काठाला बांधलेली बोट दिसली की टिकओव्हर, म्हणजे इंजिन अगदी मंद. बोट भाड्याने देताना पहिल्या दहा मिनिटांत हे सांगतात. ऐकतं कोण?

आज दुपारी ऑक्सफर्ड कॅनॉलवर, वर्मलीटन गावाजवळच्या वळणावर बोट बांधून होतो. मी ओट्याशी, आमटीत आमसूल टाकत. इंजिन ऐकू आलं. आवाजावरून आपल्याला कळतंच, हा सावकाश जाणार की नाही ते. हा नव्हता जाणार. खिडकीतून बघते तर काठालगतचं पाणी सर्रकन खाली गेलं आणि खालचा चिखल उघडा पडला. म्हटलं, मेलो. बोट आधी मागे ओढली गेली, दोर करकरला, मग पुढे असा हिसका की पुढची पिन, म्हणजे दोर बांधायची खुंटी, मुळा उपटावा तशी गवतातून बाहेर. पातेलं शेगडीवरून घसरलं ते थेट खाली. आमटी जमिनीवर, माझ्या सपातांवर, आणि उरलेली फळ्यांच्या फटींतून बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या पोकळीत.

बाहेर धावले. बोटीवर आठ बाप्ये, सगळ्यांच्या डोक्यावर चाच्यांच्या टोप्या, सुकाणूवाल्याच्या हातात बियरचा कॅन. मराठीत जेवढं येतं तेवढं सगळं ऐकवलं, त्याच्या आजोबांपर्यंत पोचले. त्याला काय वाटलं कोण जाणे, प्रेमाने हात हलवला मेल्याने! बाकीच्या सातांनीही हलवला.

बरं, घाई कसली? हा समिट, म्हणजे कॅनॉलचा सगळ्यात उंचावरचा पट्टा, 11 मैलांचा, कावळा उडत गेला तर पाचेक मैल. इंजिनिअर ब्रिंडलीबाबाने टेकड्यांना वळसे घालत आखलाय, मागे वळून बघितलं तर तेच झाड पुन्हा दिसतं. इथे पोचायचंय कुठे तुम्हाला? पुढे क्लेडनला पाच लॉक आहेत, बोट वर-खाली करणारे दरवाजेवाले हौद, तिथे रांगेत उभेच राहणार आहात, टोप्या घालून.

तोवर आमची 57 फुटी बया कॅनॉलमध्ये आडवी. शेपूट काठाला, तोंड पलीकडच्या झुडपात. मागून दुसरी बोट आली आणि भोंगा वाजवला. कोणाला? मला! म्हातारा, पुढे छतावर कुत्रा. त्याने उपटलेली पिन बघितली, मग मला बघितलं, मग पुन्हा पिन. बोलला काहीच नाही.

कबूल आहे. पिन अर्धीच ठोकली होती. नवरा म्हणाला होता, स्प्रिंग टाकू या, दोन दोर जास्तीचे लावू. मीच म्हटलं, एका रात्रीसाठी कशाला, हात दुखतात. पुढे बांधलेल्या बोटीच्या पिना जमिनीत गुडूप होत्या, ती इंचभरही हलली नाही. नवरा हे सगळं बघून फक्त ‘हं’ म्हणाला. त्या ‘हं’चा राग वेगळाच.

पण म्हणून त्या चाच्यांना माफी नाही हं. आणि लॉकचे पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, उघडे टाकून जाणारे, त्यांनाही नाही. सकाळी उठावं तर पाउंड, म्हणजे दोन लॉकमधला पट्टा, रिकामा आणि बोट तिरकी, चहाचा कप हातात धरूनच प्यायचा. आपण शंभर फुटांवर दिसत असताना लॉक आपल्याविरुद्ध फिरवणारे, म्हणजे त्यातलं पाणी आपल्या उलट्या पातळीला नेणारे, तसलेच. पाण्याच्या नळावर दोन तास बोट धूत बसणारे. मागे लंडनच्या बुल्स ब्रिजजवळ बोटीच्या पंख्यात साडी अडकली होती, आख्खी सहावारी. जानेवारीत वीड हॅचमध्ये, म्हणजे पंख्यावरच्या झाकणाच्या भोकात, खांद्यापर्यंत हात घालून ब्रेडच्या सुरीने पाऊण तास कापत होते. वरून टॉर्च धरून नवरा म्हणतो, काठ पैठणीचा वाटतोय गं.

टोपाथवरून, काठच्या पायवाटेवरून, विचारत जाणारे तर रोजचेच: थंडीत गार नाही का होत? होतं. शेगडी असते. तुमच्या घरात नसते? आणि पुण्याहून मावशी दर रविवारी विचारते, अजून घर मिळालं नाही का गं तुम्हाला.

दोघांनी दोर ओढून बोट काठाला आणली, हाताला फोड आला. या वेळी पिना मी ठोकल्या, हातोडा गवताला टेकेपर्यंत. जेवायला दहीभात. बिल्ज स्पंजने पुसतेय तर हाताला तुरीची डाळच लागतेय अजून, आणि चिंच-आमसुलाचा वास पार पडद्यांना बसलाय.

संध्याकाळी पुन्हा इंजिन ऐकू आलं. मी सपाता न घालता बाहेर, तोंड उघडून तयार. तो इतका हळू येत होता की बदकं त्याच्या पुढे निघून गेली. अगदी आमच्या शेजारी आल्यावर त्याने नाक वर केलं, हसला आणि विचारलं, काय मस्त वास येतोय, काय शिजतंय?