'इल्लुड डिव्हिनम इन्सानस'चा घोळ टेक्नोमुळे झालेला नाही

मॉर्बिड एंजल या अमेरिकन डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजाचं, अतिवेगवान जड रॉक) बँडनं या अल्बममध्ये डेथ मेटलच्या शेजारी टेक्नो, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावरचं नाचाचं संगीत, आणून ठेवलं. त्यावरचं भांडण २०११ च्या जूनपासून चालू आहे आणि आजही कुणी त्याचं नाव काढलं की तीच तीन मतं समोर येतात. पहिलं : हा डेथ मेटलचा अपमान आहे. दुसरं : जुन्या श्रोत्यांना बदल पचत नाही, बाकी काही नाही. तिसरं : अर्धा अल्बम उत्तम आहे, उरलेला अर्धा विसरून जा. मी तिसऱ्या मताच्या जवळ आहे. पण 'इलेक्ट्रॉनिक गाणी वाईट, डेथ मेटल गाणी चांगली' हे त्यामागचं कारण मला पटत नाही. जे बिघडलंय ते दोन्ही प्रकारच्या गाण्यांत एकच आहे, आणि ते कान देऊन ऐकलं तर सापडतं.

आधी अपेक्षा किती होती ते बघा, कारण निम्मा राग तिथूनच आलाय. आधीचा अल्बम 'हेरेटिक', २००३ चा. म्हणजे आठ वर्षांची वाट. गायक डेव्हिड व्हिन्सेंट २००४ मध्ये बँडमध्ये परतला होता, पण स्टुडिओ अल्बमवर त्याचा आवाज यापूर्वी आला होता तो १९९५ च्या 'डॉमिनेशन'वर. 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९), 'ब्लेस्ड आर द सिक' (१९९१) आणि 'कव्हनंट' (१९९३) या तीन अल्बमांवरचा हाच आवाज. फ्लोरिडाचं डेथ मेटल म्हणजे काय, हे अनेकांना याच तिघांनी शिकवलं. शिवाय पहिल्या अल्बमपासून 'हेरेटिक'पर्यंत प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर ड्रम वाजवणारा पीट सँडोव्हल पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे इथे नव्हता. त्याच्या जागी टिम यंग आला. दुसऱ्या गिटारवर नॉर्वेचा डिस्ट्रक्टॉर. पहिल्यापासून आजवर टिकलेला माणूस एकच, गिटारवादक ट्रे अझॅगथॉथ.

'यांनी अचानक मशीन का आणली?' हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी १९९४ ची लायबाखची रीमिक्स ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) ऐकावी. स्लोव्हेनियाच्या या इंडस्ट्रियल बँडनं 'कव्हनंट'मधली 'गॉड ऑफ एम्प्टिनेस' आणि 'स्वॉर्न टू द ब्लॅक' ही दोन गाणी नव्यानं बांधली होती. म्हणजे हे दार सतरा वर्षं आधीच उघडलं होतं. 'ब्लेस्ड आर द सिक'मध्ये गाण्यांच्या मधे कीबोर्डचे आणि साध्या गिटारचे तुकडे आहेत. 'डॉमिनेशन' आला तेव्हाही 'वेग कमी झाला, बँड विकला गेला' असं म्हणणारे होतेच, आणि आज त्याच अल्बममधलं 'व्हेअर द स्लाइम लिव्ह' डोक्यावर घेतलं जातं.

'मेटलवाल्यांना यंत्राचा ठोका सहन होत नाही' हा युक्तिवाद तर मला सपशेल चुकीचा वाटतो. गॉडफ्लेश या बँडचा 'स्ट्रीटक्लीनर' १९८९ चा, म्हणजे 'ऑल्टर्स'च्याच वर्षीचा, आणि दोन्ही इअरएक या एकाच लेबलचे. त्यात ड्रमर नाहीच, ड्रम मशीन आहे, आणि डेथ मेटल ऐकणाऱ्यांनीच तो अल्बम जपला. फिअर फॅक्टरीनं १९९२ ला डेथ मेटलपासून सुरुवात केली आणि १९९५ च्या 'डिमॅन्युफॅक्चर'पर्यंत किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि गिटार एकाच यंत्राचे दोन दात असल्यासारखे जुळवले. तेही लोकांनी उचलून धरलं. मग इथे काय फिसकटलं?

उत्तर किक ड्रममध्ये आहे. डेथ मेटलमध्ये २०० बीपीएमवर (मिनिटाला २०० बीट) डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेली किक, बीटचे चार भाग करून चालली, तर एका बीटला ०.३ सेकंद आणि त्यात चार ठोके. म्हणजे दर ७५ मिलिसेकंदांना एक ठोका, सेकंदाला तेरा-चौदा. अशा वेळी किकला शेपूट, म्हणजे ठोक्यानंतर घुमत राहणारा आवाज, ठेवून चालत नाही, नाहीतर एक ठोका दुसऱ्यात मिसळून नुसती घरघर उरते. म्हणून इंजिनिअर किक आखूड कापतो आणि ३ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपासचा 'टक्' पुढे आणतो. ठोका मोजता येतो आणि खालची जागा गिटार-बेसला मोकळी राहते.

गॅबर, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा रॉटरडॅमचा हार्डकोर टेक्नो, याच्या बरोबर उलटा चालतो. तिथे रोलँड ९०९ सारख्या मशीनची किक डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून, पिळून काढतात. १८० बीपीएमला प्रत्येक बीटवर एक ठोका धरला तर दोन ठोक्यांमध्ये ३३३ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या जागेत किकची लांब, फाटलेली शेपूट भरून टाकतात. त्या शेपटीला स्वतःचा सूर असतो. गॅबरमध्ये किक हीच रिफ, म्हणजे एरवी गिटारवर पुन्हापुन्हा येणारा मूळ तुकडा, असते म्हणा ना.

आता या किकवर डेथ मेटलची गिटार ठेवून बघा. गिटार अर्धा सूर खाली उतरवलेली असली तर सगळ्यात जाड तार ७८ हर्ट्झच्या आसपास वाजते, सात तारांच्या गिटारची सातवी तार ५८ च्या. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेल्या रिफचा सगळा धक्का याच पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर असतो. किकची शेपूटही तिथेच. दोघं एकाच खुर्चीवर बसायला गेले की जास्त मोठ्यानं ओरडणारा जिंकतो, आणि गॅबरमध्ये तो कायम किकच असतो. यावर उपाय आहेत. गिटारचा तळ १२०-१५० हर्ट्झपर्यंत कापायचा, किकचा सूर रिफच्या मूळ सुराशी जुळवायचा, प्रत्येक ठोक्याला गिटार क्षणभर खाली दबेल अशी साइडचेन लावायची. किंवा सर्वात सोपं, गॉडफ्लेशसारखी रिफच विरळ लिहायची.

या अल्बममधलं 'टू एक्स्ट्रीम!' ऐकताना यातलं काही पुरेसं झालंय असं वाटत नाही. किक पुढे, घोषणा देणारा आवाज त्याच्याही पुढे, आणि अझॅगथॉथची गिटार मागे कुठेतरी तुकड्यातुकड्यांत. ज्या माणसाच्या रिफ वेड्यावाकड्या वेलीसारख्या पसरतात त्याला इथे रकाने भरायला बसवलंय. सहा मिनिटं हेच चालतं. टेक्नोचा श्रोता म्हणेल यात चढउतार कुठे आहे, मेटलचा श्रोता म्हणेल रिफ कुठे आहे. दोघांचंही बरोबर आहे.

किक डेथ मेटल गाण्यांनाही त्रास देते, आणि याबद्दल फार कमी जण बोलतात. 'एक्झिस्टो व्हल्गोरे', 'ब्लेड्स फॉर बाल', 'टेन मोअर डेड', 'नेव्हरमोअर' आणि 'ब्यूटी मीट्स बीस्ट' ही पाच गाणी रिफ म्हणून बघितली तर भक्कम आहेत. 'नेव्हरमोअर' तर अल्बमच्या आधीपासूनच मंचावर वाजत होतं. तरी ती ऐकताना काहीतरी कोरडं वाटतं, कारण ड्रम टाइपरायटरसारखे लागतात. लोक लगेच 'ट्रिगर' म्हणून नाक मुरडतात, पण ट्रिगर ही शिवी नाही. ड्रमच्या कातड्यावर सेन्सर बसवायचा, ठोका पडला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा, एवढंच ते. या वेगाच्या संगीतात किकवर ते सर्रास चालतं. बिघडतं तेव्हा, जेव्हा प्रत्येक ठोका एकाच जोराचा आणि एकाच आवाजाचा होतो, आणि स्नेअरचे (हातातल्या काठीनं वाजवायच्या कडक ड्रमचे) हलके-जड ठोकेही त्याच इस्त्रीखाली जातात. यंगचा वेग आणि अचूकपणा याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मिक्सनं त्याचे हात काढून घेतलेत, ही तक्रार आहे. 'कव्हनंट'ला हात ऐकू येतात.

आवाजाचा मुद्दा वेगळा. ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, शब्द झाकतो, त्यामुळे बेताचे शब्दही खपून जातात. 'रॅडिकल्ट'मध्ये व्हिन्सेंट ग्रोल सोडून जवळजवळ बोलल्यासारखं ओरडतो, शब्द स्वच्छ कळतात, आणि त्या शब्दांत साडेसात मिनिटं टिकण्याइतकं वजन नाही. या अल्बममधलं सर्वात वाईट गाणं कुठलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, हेच. 'आय अ‍ॅम मॉर्बिड'लाही लोक याच पंगतीत बसवतात, तो मात्र अन्याय आहे. सुरुवातीचा गर्दीचा जयघोष नको होता, पण त्याखालची मधल्या वेगाची रिफ 'डॉमिनेशन'च्या घराण्यातली आहे आणि सोलो खास अझॅगथॉथचा.

आणि क्रम! यावर कुणी नीट बोलत नाही. अल्बम साधारण ५७ मिनिटांचा. सुरुवातीला 'ऑम्नी पोटेन्स' हा अडीच मिनिटांचा वाद्यवृंदाचा तुकडा, लगेच सहा मिनिटांचं 'टू एक्स्ट्रीम!'. पहिली नऊ मिनिटं जवळजवळ संपतात तोवर डेथ मेटल गाणं एकही नाही. शेवटी 'रॅडिकल्ट' आणि 'प्रोफंडिस – मिया कल्पा', म्हणजे आणखी जवळपास बारा मिनिटं. मधोमध सात मिनिटांचं 'डिस्ट्रक्टोस व्हर्सेस द अर्थ'. श्रोता आत शिरतो ते प्रयोगातून आणि बाहेर पडतो तेही प्रयोगातून. मधली पाच चांगली गाणी लक्षात राहतील कशी? हीच अकरा गाणी 'एक्झिस्टो व्हल्गोरे'नं उघडली असती आणि प्रयोग शेवटच्या तिसऱ्या भागात एकत्र ठेवले असते, तर चर्चा वेगळी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

'दुसऱ्या नावानं काढला असता तर चाललं असतं' हेही मत नेहमी येतं. मला ते अर्धंच मान्य आहे. नाव बदलून राग कमी झाला असता, पण किक आणि गिटारची मारामारी तशीच राहिली असती. २०१२ मध्ये याच अल्बमच्या रीमिक्सांचा वेगळा संग्रह आला, आणि त्यात निदान एक गोष्ट सरळ आहे : गिटार डेथ मेटलसारखी वाजवल्याचा आव नाही. पुढे २०१५ मध्ये व्हिन्सेंट गेला, जुना गायक स्टीव्ह टकर परत आला, आणि २०१७ चा 'किंगडम्स डिसडेन्ड' हा अल्बम बँडचा जुना गिटारवादक एरिक रूटननं रेकॉर्ड केला. त्यावर मशीनचा मागमूस नाही. काही जण ही माफी समजले. मला उलट थोडं वाईट वाटलं, कारण प्रयोग दुरुस्त करण्याऐवजी सोडूनच दिला गेला.

ज्यांनी अजून ऐकला नाही, किंवा एकदाच ऐकून बंद केला, त्यांच्यासाठी सांगते. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर तळाचा भाग येतच नाही, किकची शेपूट गायब होते आणि फक्त टकटक उरते. मग मत बनतं ते फोनबद्दल. साधे का होईना, हेडफोन घ्या. 'कव्हनंट'शी तुलना करणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत कमीजास्त करा, कारण मोठ्यानं वाजणारी गोष्ट पहिल्या मिनिटात दमदार वाटते आणि दहाव्या मिनिटाला थकवते.

सुरुवात या क्रमानं करा : 'एक्झिस्टो व्हल्गोरे', 'ब्लेड्स फॉर बाल', 'नेव्हरमोअर', 'टेन मोअर डेड', 'ब्यूटी मीट्स बीस्ट'. जेमतेम २४ मिनिटं होतात, 'ऑल्टर्स'पेक्षाही कमी. दोन-तीनदा ऐकून रिफ ओळखीच्या झाल्या की 'आय अ‍ॅम मॉर्बिड' जोडा. 'डिस्ट्रक्टोस'ला वेगळ्या दिवशी, 'स्ट्रीटक्लीनर' ऐकून झाल्यावर लगेच लावा. तिथे ठोका संथ आहे, रिफला श्वास घ्यायला जागा आहे, आणि या चार प्रयोगांपैकी जो एक थोडी मेहनत घेतली असती तर जमला असता, तो हाच.