‘नकली किल्ला’ म्हणून फोर्ट विल्यम टाळू नका

कॅनडात थंडर बेच्या बाजूला जायचं ठरलं की कुणीतरी हा सल्ला हमखास पुढे पाठवतं : “फोर्ट विल्यम बघू नका. तो खरा किल्ला नाहीच, १९७०च्या दशकात नव्या लाकडानं आणि भलत्याच जागी बांधलाय. आत जुने कपडे घातलेली माणसं पाठ केलेलं बोलतात. गोऱ्यांनी मणी देऊन आदिवासींना लुबाडलं, एवढंच कळतं. तासाभरात फोटो काढून होतात.”

जागेबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. फरचा, म्हणजे केसाळ कातड्यांचा, व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीचं १८०३ पासूनचं ठाणं कामिनिस्टिक्विया नदीच्या मुखाजवळ होतं. १८०७ मध्ये त्याला कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकगिलिव्हरे यांचं नाव मिळालं, आणि पुढे ती जमीन कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या यार्डाखाली गेली. आजची उभारणी तिथून सुमारे १४ किलोमीटर वरच्या अंगाला, पॉइंट द मेरों इथं आहे. ती १९७३ मध्ये खुली झाली. पण ही जागा भलती नाही. ऑगस्ट १८१६ मध्ये प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनीतल्या लॉर्ड सेल्कर्कनं द मेरों पलटणीतून मोकळे झालेले सैनिक भाड्यानं आणले, फोर्ट विल्यम ताब्यात घेतला आणि मॅकगिलिव्हरेंसह भागीदारांना अटक केली. पॉइंट द मेरों हे नाव त्याच सैनिकांवरून पडलं.

फोर्ट विल्यम जवळजवळ न लढताच पडला, कारण तो लढण्यासाठी बांधलेलाच नव्हता. रायगड-सिंहगड डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्यांची निराशा इथूनच सुरू होते. ही वखार होती, सुरतेला किंवा राजापूरला इंग्रजांची होती तशीच : कोठारं, हिशेबाची खोली, कारागिरांच्या कार्यशाळा, दवाखाना, शेती आणि भागीदारांच्या बैठकांसाठी मोठं दालन. भोवतीचा लाकडी तट मालाच्या राखणीला.

‘नवं लाकूड’ या आक्षेपात तर दमच नाही. मातीत रोवलेला खांब जमिनीच्या पातळीवर कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथंच मिळतात. असे खांब कंपनीच्या काळातही बदलावेच लागत. जुनी असायला हवी ती बांधायची रीत. भिंती जवळून पाहा : उभ्या चौकोनी खांबांना लांबट खाच असते आणि आडव्या ओंडक्यांच्या टोकांची कुसवं वरून त्या खाचेत सरकवलेली असतात. यामुळे आखूड लाकूड चालतं, इमारत हवी तेवढी लांबवता येते आणि कुजलेला ओंडका तेवढाच बदलता येतो.

आता ‘पाठ केलेलं बोलणं’. संवाद बाजूला ठेवा आणि होड्यांच्या कार्यशाळेत हातांकडे पाहा. बर्चच्या सालीची होडी, म्हणजे कनू, तिथं जुन्या रीतीनं बांधतात. बर्च हे आपल्या भूर्जपत्राच्याच कुळातलं झाड. साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढायची. तेव्हा रस चढलेला असतो आणि ती न फाटता सुटते. ती जमिनीवर पांढरी बाजू वर करून पसरतात, दगडांनी दाबतात आणि कडा वर वळवतात. म्हणजे झाडावर बाहेर असलेली बाजू होडीच्या आत जाते आणि तपकिरी बाजू पाण्याला लागते. शिवण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या चिरलेल्या मुळांची. आत सीडर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाच्या पातळ फळ्या, त्यांवर गरम पाण्यानं मऊ करून वाकवलेल्या सीडरच्याच बरगड्या. खिळा एकही नाही.

सांधे बुजवतात स्प्रूसच्या राळेनं, आणि खरी कसोटी तिथं लागते. राळेत चरबी आणि कोळशाची पूड घालतात. चरबी कमी पडली तर सुपीरियर सरोवराच्या थंड पाण्यात राळ तडकते; जास्त झाली तर उन्हात ओघळते. म्हणून सालीच्या तुकड्यावर राळ लावून तो थंड पाण्यात बुडवायचा आणि वाकवून बघायचा. राळ तडकली तर आणखी चरबी, बोटाला चिकटली तर आणखी राळ. हे पाठ करून येत नाही.

दोन आकारांच्या होड्यांत या ठाण्याचं सगळं कारण दडलेलं आहे. माँट्रियलहून सरोवरांतून येणारी होडी सुमारे ११ मीटरची, जवळपास ३ टन माल नेणारी. आतल्या अरुंद नद्यांसाठी साडेसात मीटरची, तिच्या निम्म्या मालाची. बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंतच्या महिन्यांत माँट्रियलहून पार वायव्येकडच्या अथाबास्का प्रदेशापर्यंत जाऊन परत येणं अशक्य, म्हणून दोन्ही बाजूंचे लोक जुलैमध्ये इथं भेटत आणि मालाची अदलाबदल होई. गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४१ किलोचा. जिथं नदी सोडून चालावं लागे तिथं माणूस कपाळावरच्या पट्ट्यानं सहसा असे दोन गठ्ठे पाठीवर घेई.

लुबाडणुकीच्या गोष्टीबरोबर एक दंतकथाही चालते : बंदुकीच्या उंचीइतकी बीव्हरची (पाण्याकाठी राहणाऱ्या मोठ्या कुरतडणाऱ्या प्राण्याची) कातडी रचली की बंदूक मिळे. तसं नव्हतं. भाव ठरलेले होते. हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यांवर एक उत्तम बीव्हर हे माप धरून बंदूक साधारण १० ते १४ बीव्हरना जाई. गिऱ्हाईक भोळं नव्हतं. पातळ किटली आणि थंडीत फुटणारी बंदूक ओजिब्वे आणि क्री हे मूळ रहिवासी परत करत, आणि मागणी मण्यांपेक्षा घोंगड्या, कापड, कुऱ्हाडी, किटल्यांना होती. शिकार त्यांची, कातडी कमावणं बहुतांशी त्यांच्या स्त्रियांचं. युरोपात हॅट बनत ती कातड्याची नाही, आतल्या बारीक, काटेरी लवेच्या नमद्याची. म्हणून लव आत ठेवून वर्षभर अंगावर वापरलेलं कातडं नव्यापेक्षा मोलाचं : वरचे राठ केस आपोआप झडलेले असत. या व्यापारानं दारू आणली, रोगही आणले, आणि ती हानी भयंकर होती. पण मण्यांच्या गोष्टीत मूळ रहिवासी नुसते मूर्ख ठरतात, हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

तासाभरात फोटो होतात, हे खरं. पाहणं होत नाही. किमान चार तास ठेवा. आधी तटाबाहेरची ओजिब्वे वस्ती, मग होड्यांची कार्यशाळा, मग फरचं कोठार. तिथं गठ्ठा दाबण्याचं यंत्र पाहा आणि विचारा, ओल राहिली तर काय होतं? (केस सुटतात, आणि अख्खा गठ्ठा वाया जातो.) वेशातला माणूस १८१६ मध्ये असल्यासारखा बोलत असेल तर त्याला आजचं काही विचारू नका, “हे कशानं बिघडतं?”, “हे कुठून आलं?” असं विचारा, उत्तरं लांबतात. जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास चावतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घाला. पावसानंतर चिखल असतो, चपला नकोत. टोरंटोहून रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरचा आहे, त्यामुळे एवढं अंतर कापण्याआधी त्या दिवशी कारागीर कामावर आहेत का, हे फोन करून विचारा. हंगामाबाहेर बहुतेक कार्यशाळा बंद असतात, आणि तेव्हा गेलेल्यांना खरोखरच नुसत्या भिंती दिसतात.