ईएमटी व्हा, पण बेताने

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांनो, तुमच्या लेकीला मेडिकलला जायचं आहे हे तिला कळायच्या आधीच तुम्हाला कळलं, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. पण इथे नुसत्या मार्कांवर भागत नाही. अर्जात 'क्लिनिकल अवर्स' दाखवावे लागतात, म्हणजे आजारी माणसं जवळून पाहिल्याचे तास. हॉस्पिटलात पाण्याचे ग्लास नेऊन ठेवणारी मुलं आता पैशाला पासरी झाली आहेत. तेव्हा तिला ईएमटी करा. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. अँब्युलन्समधून येतात ना, ते.

फक्त पुण्याला फोनवर सांगताना 'अँब्युलन्सवर असते' असं म्हणू नका. आजी लगेच 'गाडी चालवते का गं?' असं विचारतील. 'इमर्जन्सी मेडिसिनमध्ये आहे' म्हणा. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८च्या गाडीत डॉक्टर बसलेले असतात, त्यामुळे आजींचा काय समज होईल तो होऊ द्या. आपण खोटं बोललेलो नाही.

अभ्यासक्रम साधारण दीडशे ते दोनशे तासांचा. एका उन्हाळी सुट्टीत बसतो, म्हणजे भरतनाट्यमचा क्लासही बुडत नाही. पॅरामेडिकचा, म्हणजे ईएमटीच्या वरच्या पायरीचा, मात्र हजार तासांच्या पुढे जातो. त्या वाटेला तिला अजिबात जाऊ देऊ नका. तिकडे गेलेली काही मुलं तिथेच रमतात, आणि मग महाराष्ट्र मंडळात चारचौघांत काय सांगायचं?

प्रॅक्टिकलची धास्ती नको. आपल्या मुलांना पाठांतराची पिढीजात सवय आहे. प्रत्येक प्रसंगाची सुरुवात एकाच मंत्राने होते: 'बीएसआय, सीन सेफ.' म्हणजे मी हातमोजे घातले आणि इथे मला धोका नाही. समोर वर्गातली जमीन असेल, जमिनीवर प्लॅस्टिकचा पुतळा असेल, आणि धोका असलाच तर फक्त परीक्षकाकडून असेल. तरी हे मोठ्याने म्हणायचंच. विसरलात तर पुढे पुतळा उठून बसला तरी नापास. मग पाठ करायची आद्याक्षरं: दुखणं विचारायला ओ-पी-क्यू-आर-एस-टी, आधीची हकिगत विचारायला 'सॅम्पल', जखमा शोधायला 'डीकॅप-बीटीएलएस'. 'काय होतंय हो काका?' या प्रश्नाचे इतके तुकडे पाडता येतात हे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांना कधी सुचलं नाही. ते बिचारे जीभ बघून निभावत होते.

लेखी परीक्षा नॅशनल रजिस्ट्रीची, म्हणजे ईएमटींना प्रमाणपत्र देणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेची, कॉम्प्युटरवर, जास्तीत जास्त दोन तास. प्रश्न किमान ७०, कमाल १२०. किती येतील ते आधी कळत नाही, कारण मशीन उत्तरागणिक तुम्हाला जोखत असतं. पास की नापास, याची त्याची खात्री पटली की ते मधेच बंद पडतं. मुलगी सत्तराव्या प्रश्नाला बाहेर आली तर ती एक तर फारच हुशार आहे किंवा फारच कच्ची आहे. पार्किंगमध्ये गाडीत बसलेल्या आईने निकाल येईपर्यंत पहिलंच धरून चालावं आणि मैत्रिणींना तसा मेसेज टाकून द्यावा. निकाल उलटा लागला तरी हरकत नाही. तीन वेळा बसता येतं, मग थोडी उजळणी करून आणखी तीन वेळा. एवढ्या संधी आपल्याला बारावीला मिळाल्या असत्या तर आज आपण सगळेच डॉक्टर असतो.

मुलाखतीत 'या क्षेत्राचा इतिहास माहीत आहे का?' असं कुणी विचारलंच, तर थोडी माहिती असू द्या. साठच्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या कित्येक गावांत अपघाताला अंत्यसंस्कार करणाऱ्यांची गाडी यायची. माणसाला आडवं ठेवता येईल अशी लांब गाडी त्यांच्याचकडे असे. रुग्ण वाटेत वाचला तर हॉस्पिटल, नाही तर गिऱ्हाईक घरचंच. १९६६ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढून या व्यवस्थेची लाज चव्हाट्यावर मांडली, आणि १९७० मध्ये नॅशनल रजिस्ट्री उभी राहिली. तेव्हापासून प्रमाणपत्राचं रीतसर कार्ड आहे.

एवढं सांगून थांबावं. पिट्सबर्गचा विषय निघाला तर घड्याळाकडे बघावं. तिथे १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस नावाची अँब्युलन्स सेवा सुरू झाली. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतले तरुण, त्यातल्या कित्येकांच्या हाताला तोवर धड काम नव्हतं. सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याच्या पद्धतीचे, एक जनक डॉ. पीटर सफार यांनी त्यांना असं तयार केलं की देशातल्या पहिल्या पॅरामेडिक सेवांमध्ये त्यांची गणना होते. पुढे या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पॅरामेडिकचा राष्ट्रीय अभ्यासक्रम लिहिला, तो याच मंडळींच्या कामाच्या पायावर. आणि १९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा काढून ही बंद केली, तेव्हा त्यांच्याचपुढे नव्या परीक्षा आणि नव्या अटी ठेवल्या. एकेक करून बरेचसे बाहेर गेले. ज्यांच्या हातांवरून धडा लिहिला त्यांनाच तो येत नाही असं ठरवता येतं, ही कागदाची ताकद. म्हणून म्हणतो, कागदाला कमी लेखू नका.

आता कार्ड टिकवायचं कसं? ते दर दोन वर्षांनी ३१ मार्चला संपतं. हो, मार्च एंड. अमेरिकेत पंचवीस वर्षं राहूनही या तारखेला आपल्या छातीत धडधडतंच, तेव्हा ही तारीख तुम्हीच लक्षात ठेवा. दोन वर्षांत ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं: २० राष्ट्रीय विषयांचे, १० स्थानिक, १० आपल्या आवडीचे. राज्याचे नियम वेगळे असतील तर ते वरून. शहाणी माणसं हे सगळं ३० मार्चच्या रात्री ऑनलाइन उरकतात. एका खिडकीत स्ट्रोकची लक्षणं, दुसऱ्या खिडकीत क्रिकेट. मधूनमधून 'पुढे' दाबायचं. शेवटी दहा प्रश्न, त्यांची उत्तरं चुकली तर पुन्हा तेच दहा प्रश्न.

या तासांचा उद्देश काही लोक फार मनाला लावून घेतात. म्हणे, शास्त्र बदलतं. खरं आहे. एके काळी गाडीच्या अपघातातल्या जवळजवळ प्रत्येकाला कडक फळीवर करकचून बांधून नेत. नंतर लक्षात आलं की फळीने कणा वाचतो याला फारसा आधार नाही. पाठीला व्रण आणि श्वासाला अडथळा मात्र होतो. मग फळ्या बाजूला पडू लागल्या. हे जिला ठाऊक आहे ती एखाद्याची पाठ वाचवेल. पण अर्जात 'पाठ वाचवली' असा रकाना नसतो, 'तास' असा असतो.

कार्ड चालू ठेवायचं तर कौशल्यं शाबूत असल्याची सहीही लागते, म्हणजे कुठल्या तरी पथकात काम करावं लागतं. इथे खरी मेख आहे. टीव्हीवर सायरन वाजतो आणि पुढच्या मिनिटाला छाती दाबायला सुरुवात होते. प्रत्यक्षात रात्री अडीचला बोलावणं येतं ते ऐंशी वर्षांचे गृहस्थ बाथरूममध्ये पडले म्हणून. लागलेलं काही नाही, उठता येत नाही. दोघांनी मिळून उचलायचं, पलंगावर बसवायचं, रक्तदाब घ्यायचा. मग ते सांगतात की बायको गेल्यापासून रात्री पाणी प्यायचंच सोडलंय, उठायला नको म्हणून. हॉस्पिटलात यायला नकार देतात, तशी सही करतात, आणि तुम्ही परत येऊन तासभर रिपोर्ट लिहिता. अशा कामात मुलीचा जीव गुंतू देऊ नका. सगळे मिळून दोन तास मांडा आणि तिला झोपायला पाठवा.

कुणी 'हेच करिअर का नको?' असं विचारलं तर हिशेब तोंडपाठ असावा. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये ईएमटीचा मध्यम पगार वर्षाला ३९ हजार डॉलरच्या आसपास होता, म्हणजे तासाला १९ डॉलरही नाहीत. एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या साखळी दुकानांत बर्गर बांधून देणाऱ्याला कायद्यानेच तासाला किमान २० डॉलर मिळतात. देशभराची आणि एका महागड्या राज्याची तुलना करणं बरोबर नाही, हे मला मान्य आहे. बर्गर थंड झाला तर गिऱ्हाईक तक्रार करतं, हेही तुम्ही मान्य करा. शिवाय कित्येक राज्यांत पोलीस आणि अग्निशमन कायद्याने अत्यावश्यक असतात, अँब्युलन्स नसते. असली तर बरं, अशा सदरात ती मोडते. म्हणूनच कितीतरी गावांत ती स्वयंसेवकांवर चालते, आणि आपल्या मुलीला फुकट तास मिळतात. व्यवस्थेतली ही फट बुजवा असं म्हणणाऱ्या उमेदवाराला मत देताना आधी मुलीचा अर्ज गेलाय का ते बघा.

अर्ज लिहिताना संयम हवा. मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जात १५ उपक्रम मांडता येतात आणि त्यातले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून वेगळे काढता येतात. एकेका उपक्रमाला जागा ७०० अक्षरं, स्पेससकट. अर्थपूर्ण तिघांना बरीच जास्त. बाथरूममधले गृहस्थ इथे कामाला येतात. गोपनीयतेच्या नियमामुळे नाव लिहिता येत नाही, ते सोयीचंच आहे. त्यांना 'मिस्टर जे' करा, त्यांचा थरथरता हात धरा, आणि त्या क्षणी वैद्यकशास्त्र म्हणजे काय हे उमगलं असं लिहा. दर वर्षी इतक्या अर्जांत इतके हात धरले जातात की अमेरिकेतल्या कुठल्याही म्हाताऱ्याचा हात मोकळा राहत असेल असं वाटत नाही. पाण्याचं मात्र लिहू नका. ते ७०० अक्षरांत बसत नाही.

प्रवेश मिळाला की कार्ड सोडून द्या. त्यानंतरच्या मार्चला काही करायचं नाही, ते आपोआप संपतं. पथकाच्या मंगळवार रात्रीच्या शिफ्टला कोण येईल असा ईमेल महिनाभर येत राहील. ती शिफ्ट बहुधा गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एखादे निवृत्त शिक्षक घेतील. ते कुठे अर्ज करत नाहीत, त्यांना वेळ असतो.

आणि पुढच्या गणेशोत्सवात, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, महाप्रसादाच्या रांगेत कुणाचे तरी वडील अचानक कोसळले, तर गोंधळून जाऊ नका. हॉलमध्ये किमान सहा डॉक्टर असतील. त्यातले दोघे त्वचेचे, एक एक्स-रे वाचणारे, आणि सगळेच आधी ९११ लावा असं सांगणारे. सात-आठ मिनिटांत जाड बूट घातलेली दोन माणसं बॅग घेऊन येतील आणि रांगोळीला वळसा घालून थेट जमिनीवर बसतील. तुम्ही गर्दी मागे सारा, दरवाजा धरून ठेवा. शेजारच्या वहिनींनी 'हे कोण हो?' म्हणून विचारलं तर हळूच सांगा, 'ईएमटी. आमची पण करायची हे, अर्जाच्या वर्षी.'