मोलगीच्या गुरुजींना उत्तर: पोट उघडं असताना लाईन गेली तर?

गुरुजी, नमस्कार.

दूरवरून होणाऱ्या रोबोटिक ऑपरेशनवरच्या (सर्जन एका गावात, त्याने हलवलेले रोबोटचे हात दुसऱ्या गावात) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पेन शोधलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या मोलगीकडच्या आश्रमशाळेत शिकवतात. त्यांचं म्हणणं असं: "आमच्याकडे फोन लावायला टेकडी चढावी लागते, तिथेही गुजरातची रेंज पकडते. अडलेली बाई झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. भूल द्यायला डॉक्टर नाही. आणि तुम्ही जळगावात कूलरसमोर बसून, मुंबईचा सर्जन धडगावच्या पेशंटचं ऑपरेशन करेल म्हणता. पोट उघडं असताना नेट गेलं तर जबाबदार कोण?"

कूलरचं खरं आहे. ४४ अंशांत दुसरं काय करणार?

आधी नेट जाण्याचं बोलू, कारण माझी सगळी नोकरी त्याच कामात झाली. धुळे-शिरपूर पट्ट्यात नेटची फायबर केबल जोडत होतो. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने केबल तोडली की रात्री दोन वाजता चरात उतरायचं, केसाएवढ्या काचेच्या तारा पुसून मशीनमध्ये समोरासमोर धरायच्या आणि ठिणगीने वितळवून एक करायच्या. मे महिन्यात घामाचा एक थेंब तारेवर पडला की पुन्हा पहिल्यापासून. आता यावर उपाय म्हणजे रिंग, म्हणजे गोल फिरून परत येणारी केबल. एक वाट तुटली की ५० मिलिसेकंदांच्या आत सगळी वाहतूक उलट्या बाजूने वळते, सर्जनला कळणारही नाही. पण एकदा एका फरशीपुलाजवळ केबल तुटली आणि रिंग असूनही सगळं बंद पडलं. जाऊन बघतो तर येणारी आणि जाणारी, दोन्ही वाटा त्याच पुलावरून, एकाच चरातून नेलेल्या. कागदावर रिंग, जमिनीत एकच नाली! म्हणून तुमची भीती मला हसण्यावारी नेता येत नाही.

तरीही लाईन तुटली म्हणून पेशंट तिथेच गेला, असं होत नाही. संपर्क तुटला की रोबोटचे हात आहेत तिथे थांबतात आणि टेबलाशी उभा असलेला सर्जन पुढचं काम हातात घेतो. तो तिथे असावाच लागतो. ७ सप्टेंबर २००१ ला फ्रेंच सर्जन झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं, तेव्हाही पेशंटजवळ सर्जन तयार होतेच. तुमच्या 'जबाबदार कोण'चं माझ्यापुरतं उत्तर तेच: जो हात धुऊन टेबलाशी उभा आहे तो.

त्या ऑपरेशनसाठी राखीव फायबर लाईन घेतली होती. हाताची हालचाल आणि तिचं चित्र यांत सुमारे १५५ मिलिसेकंदांचं अंतर पडत होतं आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ नुसता चित्र पाठवण्यासाठी दाबून लहान करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात जात होता. काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. धुळे ते मुंबई म्हणजे त्याला दोन मिलिसेकंदसुद्धा नाहीत. म्हणजे लांबी हा आपला शत्रू नाहीच. २०१९ च्या मार्चमध्ये चीनमध्ये सान्याहून तीन हजार किलोमीटरवरच्या बीजिंगमधल्या पेशंटच्या मेंदूत ५जी वरून इलेक्ट्रोड बसवला. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत गुरुग्राममधून २८६ किलोमीटरवरच्या जयपुरात हृदयाचं ऑपरेशन झालं, तिथे विलंब ४० मिलिसेकंदांच्या आसपास होता.

मग अडतं कुठे? ते मी घरी करून पाहिलं. तुरीच्या डाळीची वाटी घेतली, वर एक मोबाईल टांगला, दुसऱ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला आणि हाताकडे न बघता, फक्त दुसऱ्या पडद्यावर बघून, चिमट्याने एकेक डाळ दुसऱ्या वाटीत टाकायला बसलो. दुपारी चित्र मागे पडत होतं, पण एकसारखं. दहा मिनिटांत हाताला सवय लागली: हलव, थांब, बघ, मग पुढे. संध्याकाळी क्रिकेटच्या मॅचच्या वेळेला तेच करायला गेलो, तर चित्र कधी लगेच येई, कधी अडकून मग एकदम उडी मारी. चिमटा वाटीच्या काठावर आपटत राहिला, निम्मी डाळ फरशीवर. सौ. म्हणाल्या, पेशंट वाचला का?

ठरलेला उशीर हाताला शिकवता येतो. लहरी उशीर नाही शिकवता येत. आणि मोबाईलच्या हवेतल्या टप्प्यावर तीच अडचण आहे, कारण टॉवर सगळ्यांचा सामायिक. ५जी मध्ये एका कामासाठी वेगळा हिस्सा राखून ठेवता येतो, म्हणून डॉक्टर मंडळी त्याच्याकडे आशेने बघतात. पण टॉवरच्या मागे काय आहे? सातपुड्यात पुष्कळ ठिकाणी डोंगरावरून डोंगरावर मारलेली डिश असते, मुसळधार पावसात तिचा जीव घाबरतो. वीज गेली की बॅटरी, बॅटरी गेली की डिझेल, डिझेल संपलं की तुमची टेकडी.

आता तुमचा भूल देणाऱ्या डॉक्टरांचा मुद्दा. इथे मी चुकलो, तुमनं म्हननं खरं शे. वायरवरून सर्जनचे हात येतात. भूल देणारे येत नाहीत, रक्ताची पिशवी येत नाही, पोटात नळ्या घालून रोबोटचे हात जोडणारे आणि मधेच हत्यार बदलून देणारे येत नाहीत. ज्या ऑपरेशन थिएटरमध्ये एवढी माणसं आहेत तिथे बहुतेक वेळा सर्जनही असतो! अडलेल्या बाईला तर रोबोट नकोच, तिला रस्ता, गाडी आणि सिझेरियन होईल असं जवळच्या दवाखान्यातलं टेबल हवं. 'धडगावच्या पेशंटचं ऑपरेशन मुंबईतून' हे माझं वाक्य मी लेखातून काढलंय, खाली तशी टीप टाकली आहे.

पण सगळाच विषय मोडीत काढू नका. कॅनडात २००३ पासून हॅमिल्टनचे सर्जन मेहरान अनवरी यांनी ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे गावातल्या सर्जनसोबत दुर्बिणीतून अशी ऑपरेशनं केली. कधी रोबोटचा ताबा यांच्याकडे, कधी तिथल्या सर्जनकडे. नॉर्थ बेला सर्जन होताच, हवा होता तो शेजारी उभा राहणारा थोरला हात. आपल्याकडे ही जागा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजांची. नुकता पास झालेला पोरगा अवघड टाका घालतोय आणि पुण्या-मुंबईचा अनुभवी माणूस पडद्यावर बघून "अजून जरा खाली घे" म्हणतोय, एवढ्याला रोबोटही लागत नाही. कॅमेरा लागतो, आणि दोन खऱ्याखुऱ्या वेगळ्या वाटांनी आलेली लाईन. त्यामुळे मोलगीचा पेशंट नंदुरबारहून पुढे नाशिकला हलवण्याची पाळी थोडी कमी येईल. टेकडीवरून नंदुरबारला पोचायचा प्रश्न तसाच राहतो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक काम सांगू? डाळीचा प्रयोग शाळेतल्या पोरांकडून करून घ्या. टेकडीवर, गुजरातच्या रेंजवर. किती डाळी वाटीत गेल्या ते कळवा, मी जळगावचा आकडा देतो: दुपारी २३, संध्याकाळी ४.