पिशवी काढली, पण पिशवीचं तोंड कुणी तपासलं?

आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चार जणींनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘बायांनो, सावध व्हा. अंगावर पांढरं जाणं ही कॅन्सरची सुरुवात असते. दोन लेकरं झाली असतील तर पिशवी ठेवून उपयोग नाही, काढून टाका, कॅन्सरची भीती कायमची मिटते. त्रास नसेल तर तपासणीच्या नादी लागू नका, तपासणीनं आजार चाळवतो. चांगल्या चालीच्या बाईला हा आजार होत नाही. पोरींना लस देऊ नका, पुढं लेकरू होत नाही.’ खाली हात जोडलेले आणि ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलेलं. डॉक्टरांचं नाव कुठंच नाही.

मी बीड जिल्ह्यात, केज-धारूरच्या बाजूला, सव्वीस वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची आरोग्यसेविका, म्हणून काम केलं. या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी उपकेंद्राच्या ओट्यावर ऐकलेलं आहे. त्यावर विश्वास ठेवून बायांनी काय गमावलं तेही पाहिलंय. म्हणून एकेक वाक्य घेते. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, वाक्याला जास्त जागा लागेल, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच केलंय.

‘अंगावर पांढरं जाणं ही कॅन्सरची सुरुवात.’ नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात थोडं पांढरं जाणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे. खाज असेल, वास येत असेल, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जात असेल तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि औषधानं बरा होतो. कधी नवऱ्यालाही सोबत गोळ्या घ्याव्या लागतात, आणि तो घेत नाही म्हणून बाईचा त्रास पुन्हा उलटतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना हा त्रास सारखा होतो. कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळ, अंघोळीला आडोसा नसतो, पाणी मोजकं असतं, पाळीचं कापड उन्हात वाळत घालायला लाज वाटते. तिथं पाणी, आडोसा आणि औषध लागतं, ऑपरेशन नाही. ज्या खुणांना घाबरायला हवं त्या वेगळ्या आहेत: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसणं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल जाणं, घाण वासाचं रक्तमिसळलं पाणी जाणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. दरवेळी तो कॅन्सरच निघतो असं नाही, पण अंदाजावर सोडायची ही गोष्ट नाही.

‘पिशवी काढून टाका, भीती मिटते.’ आधी पिशवी म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. उलटा धरलेला पेरू समजा. वरचा फुगीर भाग म्हणजे गर्भाशय, आणि खालचं निमुळतं टोक योनीत उघडतं ते पिशवीचं तोंड. मेसेज ज्या कॅन्सरचं भय घालतोय तो या तोंडाला होतो, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तोंडासकट पूर्ण पिशवी निघाली आणि आत आधीपासून काही बिघाड नव्हता, तर तिथं हा कॅन्सर होत नाही, हे खरं आहे. मेसेज खरा वाटतो तो एवढ्यामुळंच.

पुढचं मात्र तो सांगत नाही. काही ऑपरेशनांत वरची पिशवी काढतात आणि तोंड तसंच ठेवतात. ज्या जागी हा कॅन्सर होतो ती जागा शिल्लक, आणि बाईच्या मनात मात्र ‘माझं ऑपरेशन झालंय, मला आता काही होणार नाही’. ती पुढं कधीच तपासायला येत नाही. दुसरा प्रकार त्याहून वाईट. तोंडाला कॅन्सर आधीच सुरू झालाय, कुणी बघितलेला नाही, आणि साधं ऑपरेशन करून पिशवी काढली. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, त्यात आजूबाजूचा भाग आणि तिथल्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. आजार पुढं गेलेला असेल तर ऑपरेशन न करता शेक, म्हणजे रेडिएशन, देतात. अर्धवट काढलेल्या पिशवीनंतर हे सगळं अवघड होऊन बसतं. म्हणजे कॅन्सरच्या भीतीनं केलेलं ऑपरेशन कॅन्सरच्याच उपचारात आडवं येतं.

एक बाई मला अजून आठवते. वय एकोणतीस, तीन लेकरं, नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. चैत्रात टोळी परत आली तेव्हा ती उपकेंद्रावर आली, कंबर धरून. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. आत एक सोनोग्राफीचा कागद, डिस्चार्ज कार्ड आणि बिल. मी कागद उलटेपालटे करून पाहिले. तोंडाची तपासणी झाल्याची कुठंच नोंद नाही.

“पिशवी काढल्यावर तुकडा तपासायला पाठवला होता का गं?”

“तुकडा? ट्रेमदी ठिवून दाखवली की सिस्टर ह्यांला. सडली व्हती म्हनले. आनखी म्हयनाभर थांबला असता तर कॅन्सर झाला असता म्हनले.”

नवऱ्याला ट्रेमध्ये दाखवली आणि विषय संपला. काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा, तरच आत काय होतं ते कळतं. तिच्या फाइलमध्ये तो रिपोर्टच नव्हता. ऑपरेशनचे पैसे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचललेले होते, म्हणजे पुढचा हंगाम आधीच विकलेला. आणि एकोणतीसाव्या वर्षी तिला अंगातून वाफा येत होत्या, रात्री घामानं जाग येत होती. पिशवीसोबत अंडाशयंही काढली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. कोयता उचलून पोट भरणाऱ्या बाईची हाडं म्हणजे तिची रोजीरोटी.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. यामागं एकच कारण नाही. पाळीत काम बुडालं की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात, आणि ‘पाळीची कटकटच नको’ असं बाईलाही वाटायला लागतं. पण डॉक्टरसमोर तिचा होकार मिळवायला ‘कॅन्सर’ हा एक शब्द पुरतो. तो शब्द या मेसेजनं फुकट घरोघर नेऊन दिलाय.

पिशवी काढावीच लागते अशा वेळा असतात. पिशवीतल्या मोठ्या गाठी, कशानंच न थांबणारा रक्तस्राव, खरोखरचा कॅन्सर. तेव्हा जरूर काढा. पण डॉक्टरांना आधी विचारा: तोंडाची तपासणी झाली का, औषधानं भागेल का, अंडाशयं ठेवणार की काढणार, काढलेला भाग तपासायला पाठवणार का. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयातलं. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज काही लांब नाही. यात लाजायचं कारण नाही, म्हैस घेतानाही आपण दोघा-चौघांना विचारतो.

‘तपासणीनं आजार चाळवतो.’ हे वाक्य मराठवाड्यात फिरावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते खोटं आहे हे जगाला आपल्याच बायांनी दाखवून दिलंय. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांची माणसं त्यात होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ समूह, त्यांचे चार गट. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीनं एकदाच तपासणी झाली, चौथ्या गटाला नेहमीच्याच सेवा राहिल्या. आठ वर्षं पाठपुरावा केला. ज्या गटात हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी झाली होती तिथं या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते. एकदाच केलेल्या या विषाणूच्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर आले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढं जगभरच्या धोरणांनी त्याचा आधार घेतला. तपासणी न मिळालेल्या गटावरून टीकाही झाली, आणि मला ती पटते. त्या ६४ जणींचं आपल्यावर देणं आहे. निदान ‘तपासणी नको’ असं तरी आपण म्हणू नये.

आता तपासणीत होतं काय. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. विषाणू बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो चिकटून बसतो आणि तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडवतो. बिघाडापासून कॅन्सरपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्ही असेल तर कमी. या सगळ्या काळात बाईला काहीच त्रास नसतो. म्हणून ‘त्रास नसेल तर तपासू नका’ हे तर अगदीच उलटं आहे. तपासणी असतेच त्रास नसणाऱ्यांसाठी.

सरकारी केंद्रांवर ३० वर्षांपुढच्या बायांची दर पाच वर्षांनी जी तपासणी करतात ती अशी: तोंड दिसेल असं साधन आत घालायचं, कापसाच्या बोळ्यानं पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं. स्वयंपाकात व्हिनेगर असतं ना, तसलंच ते. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या पडतात. मी कितीदा बॅटरी धरून उभी राहिलेय आणि गुलाबी तोंडावर पांढरा डाग हळूहळू उठताना पाहिलाय. त्याआधी तिथं नुसत्या डोळ्याला काहीही दिसत नव्हतं. आत जरा चुरचुरतं, बस. काही कापत नाहीत, टोचत नाहीत, मग चाळवणार काय? पांढरा डाग म्हणजे कॅन्सर असंही समजू नका. पुढं दुर्बिणीतून बघतात, गरज पडली तर तुकडा घेतात, आणि नुसता बिघाड असेल तर तो गोठवून किंवा भाजून काढतात. पिशवी जागेवर राहते, बाई त्याच दिवशी घरी जाते. पाळी गेलेल्या बायांत ही पद्धत तितकी नीट चालत नाही, त्यांनी पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन बघतात ती) किंवा एचपीव्ही तपासणी कुठं होते ते विचारावं.

इतकं सोपं असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात या कॅन्सरचे १,२७,००० हून जास्त नवे रुग्ण आणि जवळपास ८०,००० मृत्यू. हे दोन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत.

‘चांगल्या चालीच्या बाईला होत नाही.’ यावर मी फार लिहिणार नाही. एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो, आणि संबंध आलेल्या बहुतेक बाया-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. ज्या बाईनं नवऱ्याशिवाय कुणाकडं बघितलं नाही तिलाही नवऱ्याकडून येतो, लग्नाआधीचाही असू शकतो. लहान वयात लग्न, लवकर आणि पुष्कळ बाळंतपणं यांनी धोका वाढतो, आणि कमी वयात पोरींची लग्नं लावण्यात बीड-परभणी राज्यात पुढं आहेत. तो दोष पोरीच्या चालीचा नाही. या एका वाक्यामुळं बाया रक्त जात असतानाही वर्षवर्ष गप्प बसतात.

‘लसीनं लेकरू होत नाही.’ एचपीव्हीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. त्याचं नुसतं बाहेरचं कवच असतं, ते ओळखून शरीर तयार राहतं. २००६ पासून ही लस जगभर दिली जातेय आणि त्या पोरी आता आया झाल्यात. स्वीडनमध्ये सोळा लाखांहून जास्त मुली-बायांच्या नोंदी पाहिल्या, तर सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी होता. आपल्याकडं पुण्याच्या सीरमनं बनवलेल्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. सगळ्यात चांगलं वय ९ ते १४, विषाणूशी गाठ पडायच्या आधी.

भीती कुठून आली तेही सांगायला हवं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रच्या, आताच्या तेलंगणाच्या, खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा भागात लस दिलेल्या सात मुली दगावल्या आणि २०१० मध्ये कार्यक्रम थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, त्यात सर्पदंश होता, बुडून मरणं होतं. पण आईबापांची संमती नीट घेतली नव्हती हेही चौकशीत निघालं, आणि ते चूकच होतं. म्हणून आज कुणी लसीबद्दल प्रश्न विचारला तर त्या आईला गप्प करू नका, नीट समजावून सांगा. हात दुखतो, कधी चक्कर येते, म्हणून सुई टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. लस घेतलेल्या पोरीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. तिथं दोनच ओळी टाकल्या: ‘दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी शुक्रवारी उपकेंद्रावर पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, ज्यांना तीस पूर्ण झालीत त्यांनी या, पाळी चालू असेल तर पुढच्या शुक्रवारी.’ पहिल्या दिवशी कुणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज टाकणाऱ्या चौघींपैकी एकीचा फोन आला, आवाज बारीक करून, “सिस्टर, तिथं कोन पुरुष माणूस नसतंय ना?”

नसतो, म्हटलं. मी स्वतः येऊन बसते.