क्लॉड मॅके म्हणजे फक्त ते एक सुनीत नव्हे

जमैकात जन्मलेला काळा कवी-कादंबरीकार क्लॉड मॅके याचं नाव निघालं की 'इफ वी मस्ट डाय' ही एकच कविता, चौदा ओळींचं सुनीत, पुढे केली जाते. कविता थोर आहे, वादच नाही. १९१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत शहरोशहरी गोऱ्यांचे जमाव काळ्या वस्त्यांवर चालून गेले. जमैकाचा हा तरुण तेव्हा रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर होता. मरायचंच असेल तर कोंडलेल्या डुकरांसारखं नको, उलटा वार करत मरू, असं सांगणारी ती कविता त्याने गाडीतल्या सोबत्यांना वाचून दाखवली. त्यांच्यातला सगळ्यात उडाणटप्पू वेटरसुद्धा रडला, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. आणि कवितेत वंशाचा, रंगाचा उल्लेख एकदाही नाही!

तरीही मला मॅके खरा भेटतो तो 'बनाना बॉटम'मध्ये. ही १९३३ची कादंबरी. १९१२ साली त्याने जमैका सोडलं, ते कायमचं. न्यूयॉर्क, लंडन, मॉस्को, मार्सेय करत तो मोरोक्कोला पोचला आणि तिथे बसून त्याने आपलं डोंगराळ गाव कागदावर उतरवलं. नायिका बिटा प्लांट. लहानपणी तिच्यावर बलात्कार होतो, मग मिशनरी जोडपं तिला इंग्लंडला शिकायला पाठवतं. शिकून परतल्यावर तिने धर्मोपदेशक होऊ घातलेल्या तरुणाशी लग्न करावं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. बिटाला मात्र गावचा बाजार, नाच, शेतकरी माणसं जवळची वाटतात. शेवटी ती वडिलांकडच्या गाडीवानाशी, जुबनशी, संसार थाटते. पियानो आणि पुस्तकं ती सोडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिकलेल्या मुलीने गाव टाकलंच पाहिजे किंवा गावात राहायचं तर शिक्षण विसरलं पाहिजे, यातलं काहीच मॅकेला मान्य नाही.

याआधी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीवरच्या त्याच्या 'होम टू हार्लेम' (१९२८) या कादंबरीवर डु बॉइससारखा काळ्या अमेरिकनांचा मोठा विचारवंत तुटून पडला होता. वाचून अंघोळ करावीशी वाटली म्हणे! खलाशी, हमाल, दारूचे अड्डे यांचं चित्रण समाजाची अब्रू घालवतं, ही तक्रार मला अजिबात पटत नाही. त्या माणसांना मॅके कधी हसत नाही, उपदेशही करत नाही. त्यांच्यासोबत त्याने स्वतः राबून पोट भरलं होतं.

त्याचं 'रोमान्स इन मार्सेय' तर त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी, २०२० साली छापून आलं. इतका काळ ते हस्तलिखित पडून राहिलं, याचा मला मनापासून राग येतो. मॅके अजून वाचला नसेल, तर 'बनाना बॉटम'पासून सुरुवात करा.