रविवारचा जुना पिक्चर: घरात प्रथा कशी पाडावी

दर रविवारी सगळ्यांनी मिळून एक जुना पिक्चर बघायची पद्धत तुमच्या घरात अजून नसेल, तर संस्कार कुठंतरी कमी पडले असं समजा. बेळगावात, शहापुरातल्या आमच्या घरात ती चांगली मुरलीय, म्हणून चार गोष्टी सांगायचा अधिकार मी घेतो.

पहिली गोष्ट, पिक्चर कुठला हे आधी अजिबात ठरवू नका. ते ठरवण्यातच तर संध्याकाळ जायला हवी. आमच्या अण्णांना 'श्यामची आई' लागते. १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक तिला मिळालं, हे ते अशा थाटात सांगतात की पाहुण्याला वाटावं, पदक आमच्याच कपाटात आहे. 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्याला गेली, याचा त्यांना अजून राग आहे. अण्णांचा जन्म १९५१ चा.

वहिनींचं माहेर धारवाडकडचं. त्यांना कन्नड सिनेमातला राजकुमार हवा. मग आमचा 'पिंजरा' की त्याचा 'बंगारद मनुष्य' हा वाद पेटतो. दोन्ही १९७२ चे, त्यामुळे जुना कुठला या मुद्द्यावरही कुणाचीच सरशी होत नाही. वहिनी 'साकु, साकु', म्हणजे पुरे, पुरे, म्हणत आत जातात आणि हातात काही नसताना पुन्हा बाहेर येतात. काळजी करू नका. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात १९५६ पासून मोठमोठ्यांना जे जमलं नाही, ते तुमच्या हॉलमध्ये साडेसातपर्यंत जमावं ही अपेक्षाच चूक. तिकडं सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा पडून आहे. इथं निदान रिमोट अण्णांच्या मांडीखाली असतो, म्हणजे ताबा कुणाचा याबद्दल तरी वाद नाही.

मुलांना काय बघायचंय हे विचारू नये. विचारलं की ती सांगतात.

आता खाणं. चिरमुरेच करा, तेही परातभर. तिखट-मीठ लावलेले, वर शेंगदाणे, बारीक कांदा. गंभीर प्रसंग आला की सगळ्यांचे हात एकदम परातीत जायला हवेत. 'पिंजरा'तले मास्तर फडात तुणतुणं धरून उभे राहतात तेव्हा आमच्या घरात जो कुरुमकुरुम आवाज होतो, त्यात तुणतुणं आजवर कुणी ऐकलेलं नाही. कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, मात्र मध्ये आणू नका. कुंदा आला की पिक्चर संपला असं धरून पाहुणे उठतात.

आणि गोष्ट आधीच सांगून टाका. 'आता बघ, आता ही येणार' असं घरातल्या ज्येष्ठानं म्हटल्याशिवाय ती आलीच नाही पाहिजे. 'पिंजरा' हा डॉ. लागूंचा पहिला सिनेमा, हे दर रविवारी सांगायचं, आणि त्यासाठी पिक्चर थांबवायचा. थांबवला की फोन येतो, फोनमागून शेजारचे काका येतात, काकांसाठी पुन्हा पहिल्यापासून लावायचा. साडेनऊला पोरं भिंतीला टेकून झोपतात, अण्णा खुर्चीत. 'पिंजरा' आमच्याकडं निदान पंधरा वेळा लागलाय. शेवट कुणीच बघितलेला नाही. प्रथा अशी टिकते.

एका धोक्याबद्दल मात्र सावध करतो. मागच्या सोमवारी दुपारी अर्ध्या रजेवर घरी आलो, तर स्वयंपाकघरात आमची आई आणि वहिनी जमिनीवर बसलेल्या. पुढं तेलाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल, बाजूला निवडायची राहिलेली मेथी. आईचं कन्नड भाजीबाजारापुरतं. वहिनी काही समजावून सांगत नव्हत्या, आई काही विचारत नव्हती. राजकुमार घर सोडून निघाला होता आणि दोघींनी पदर डोळ्याला लावलेला. चिरमुरे नाहीत, माहिती नाही, ज्येष्ठांचं मार्गदर्शन तर नाहीच. असला बेशिस्त प्रकार घरात शिरला तर रविवारचं काय होणार?

मी म्हटलं, 'हे काय चाललंय?'

आईनं मान वर केली नाही. 'गप बस रे जरा,' म्हणाली, 'शेवट आलाय.'